कोणतं कॅड घेऊ? आधी तुमची फाईल कुणाकडे जाते ते बघा

साकीनाक्याला लेझर कटिंगवाल्याकडे कधी उभे राहिला असाल तर लक्षात आलं असेल, तो कधीच विचारत नाही की ड्रॉइंग कोणत्या कॅडमध्ये, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, काढलंय. पेनड्राइव्ह घेतो, डीएक्सएफ (कटिंगच्या मशीनला चालणारी ड्रॉइंगची फाईल) आहे का बघतो, आणि आउटलाइन कुठे उघडी राहिली असेल तर जागेवरूनच ओरडतो. लाखांचं सॉफ्टवेअर असो नाहीतर फुकटचं, त्याच्या काउंटरवर सगळे सारखेच.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात भाचा घरी आला, डिप्लोमा झालाय, दोन वर्षं नोकरी केली आणि आता स्वतःचं डिझाइनचं जॉबवर्क सुरू करतोय, आणि बसल्या बसल्या पहिलाच प्रश्न, मामा कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? मी म्हटलं तुझी गिऱ्हाइकं कोण? तर म्हणे ते बघू नंतर, आधी सॉफ्टवेअर सांग. हे म्हणजे आधी चप्पल घ्यायची आणि मग पाय शोधायचे. असो. त्याला जे रात्री दीड वाजेपर्यंत सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतोच.

मी १९९५ला अंधेरी एमआयडीसीत एका टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. सुरुवातीचे सहा महिने बोर्डवर, ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगची पेनं, चुकलं की ब्लेडने शाई खरवडायची, मग अमोनिया प्रिंट, त्याचा वास लोकलमधून घरी येईपर्यंत शर्टाला. मग एक दिवस ४८६ मशीन आलं आणि त्यावर डॉसमधलं ऑटोकॅड रिलीज १२. ते १९९२चं व्हर्जन, मधलं १३ बऱ्याच ऑफिसांनी टाळलंच होतं कारण ते फार अडखळायचं असं सगळीकडे बोललं जायचं, लोक थेट १४वर गेले १९९७ला. तेव्हापासून आजपर्यंत माझा डावा हात एल एंटर, टीआर एंटर, ओ एंटर (रेघ, ट्रिम, ऑफसेटचे शॉर्टकट) हेच करतोय, झोपेत पण करत असेल, बायको म्हणते करतोस.

मधल्या काळात थ्रीडीचं सॉलिडवर्क्स आलं, फ्यूजन वापरलं, फ्रीकॅडवर एक अख्खं काम करून बघितलं, ऑटोकॅडची जी भावंडं आहेत, म्हणजे तशीच चालणारी दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं, त्यातली तीन वापरली. त्यामुळे मी कुणाचा भक्त नाही आणि कुणाचा एजंट पण नाही.

माझं म्हणणं एवढंच की सॉफ्टवेअर निवडताना फीचरची यादी बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा, तुमच्या हातातून फाईल पुढे कुणाकडे जाते, आणि उद्या पैसे भरायचे थांबलात तर तीच फाईल तुमची तुम्हाला उघडता येते का.

आधी टूडी घेऊ, कारण थ्रीडीच्या कितीही गप्पा मारल्या तरी मुंबईतल्या गाळ्यांमधून बरंचसं काम अजून टूडी ड्रॉइंगवरच चालतं.

ऑटोकॅड १९८२पासून आहे. त्याची खरी ताकद कमांडमध्ये नाहीये, ती डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वतःच्या फाईलमध्ये आहे. आर्किटेक्ट, कन्सल्टंट, फॅब्रिकेटर, सोसायटीचा जुना प्लॅन ज्याच्याकडे पडलाय तो माणूस, सगळे तुम्हाला डीडब्ल्यूजीच पाठवणार. आणि ह्या डीडब्ल्यूजीची एक गंमत आहे, तिचा फॉरमॅट मध्ये मध्ये बदलत आलाय, २०००, २००४, २००७, २०१०, २०१३, २०१८. जुन्या व्हर्जनमध्ये नवी फाईल उघडत नाही, म्हणून तुम्ही नेहमी ऐकता ना, "सर जरा २०१०मध्ये सेव्ह करून पाठवा ना", ते ह्याच्यामुळे. २०१८नंतर मात्र तोच फॉरमॅट चालू ठेवलाय, तेवढा जीवाला आराम. आणि ट्रूव्ह्यू नावाचं ऑटोकॅडवाल्यांचंच फुकट सॉफ्टवेअर आहे विंडोजवर, त्यात फाईल बघता येते आणि जुन्या व्हर्जनमध्ये बदलून पण मिळते, हे अजूनही अर्ध्या लोकांना माहीत नसतं आणि त्यासाठी शेजारच्या ऑफिसात पेनड्राइव्ह घेऊन फिरतात. याच्या उलट मायक्रोस्टेशन, मेट्रो-हायवेच्या मोठ्या कन्सल्टंटकडे दिसतं ते, त्यांची डीजीएन फाईल २००१ला व्ही८ झाली ती आजतागायत तीच आहे. पण तुमचा गाळेवाला तुम्हाला डीजीएन पाठवणार नाही, त्यामुळे ते सोडा.

ऑटोकॅडचं दुखणं म्हणजे २०१६पासून नवीन कायमचं लायसन्स विकायचं बंद झालं, आता वर्षाचं भाडं. काम असो नसो, भाडं चालू. महिन्याचं पण मिळतं आणि क्वचित लागणाऱ्यांसाठी दिवसाच्या हिशोबाने टोकन पण आहेत, पण रोज आठ तास बसणाऱ्याला ते परवडत नाही. मग एलटी आहे, स्वस्तातलं, त्यात थ्रीडी मॉडेलिंग नाही. आधी एलटीला मी सरळ नाही म्हणायचो कारण त्यात लिस्प, म्हणजे ऑटोकॅडमध्ये स्वतःचे छोटे प्रोग्रॅम लिहायची भाषा, चालत नव्हतं, पण २०२४च्या व्हर्जनपासून एलटीमध्ये पण लिस्प आलं आणि माझं मत बदललं. निव्वळ टूडी करणाऱ्याने फुल ऑटोकॅड घ्यायच्या आधी एलटी नीट बघावंच.

लिस्पचं एवढं काय कौतुक असं नवीन पोरं विचारतात. ऑटोलिस्प १९८६पासून आहे आणि जुन्या ड्राफ्ट्समनची खरी इस्टेट तीच. माझ्याकडे चाळीसेक लिस्प फाईली आहेत, काही मी लिहिलेल्या, काही कुणाकुणाकडून आलेल्या, एक भोकांचा टेबल बनवते, एक सगळी डायमेन्शन एका लेअरवर टाकते, एक पट्टीची लांबी मोजून वजन काढते. त्या नसतील तर मी अर्धा माणूस. म्हणून कुठलंही दुसरं सॉफ्टवेअर बघताना माझी पहिली परीक्षा तीच, माझी लिस्प चालते का.

आता भावंडं. ब्रिक्सकॅड बेल्जियमच्या घेंट गावचं, २०१८ला हेक्सागॉन कंपनीने विकत घेतलं. झेडडब्ल्यूकॅड चीनमधल्या ग्वांगझूचं, जीस्टारकॅड पण चिनीच. ड्राफ्टसाइट हे सॉलिडवर्क्सवाल्या दासो कंपनीचं. हे सगळे डीडब्ल्यूजी थेट उघडतात आणि थेट सेव्ह करतात, १९९८पासून एक अलायन्स आहे जिने तो फॉरमॅट उलगडून बाकीच्यांना वापरायला दिला, त्या कामावर यातले बरेच जण उभे आहेत.

ऑटोकॅडवरून ह्यांच्यावर गेलात तर पहिल्या दिवशी फरक जवळजवळ कळत नाही. कमांड त्याच, शॉर्टकट तेच, सीटीबी प्लॉट स्टाइल (प्रिंटमध्ये रेघांची जाडी ठरवणारी फाईल) तीच चालते, उलट ज्यांना रिबन (वरची आयकॉनची पट्टी) आवडत नाही त्यांना जुने मेनू आणि टूलबार इथे निवांत मिळतात, ऑटोकॅडने क्लासिक वर्कस्पेस २०१५च्या व्हर्जनला काढून टाकलं त्याचा राग आमच्या पिढीत अजून आहे. माझ्या लिस्प फाईली ब्रिक्सकॅडमध्ये जवळपास सगळ्या चालल्या, दोन-तीन ठिकाणी हात लावावा लागला. झेडडब्ल्यूकॅडमध्ये थोडा जास्त हात लावावा लागला, पण चालल्या. चालत नाहीत ती एआरएक्सवर, म्हणजे खास ऑटोकॅडसाठीच्या प्रोग्रॅमिंगवर, बनवलेली बाहेरची अ‍ॅड-ऑन, ती त्या त्या सॉफ्टवेअरसाठी कंपनीने नव्याने बनवून दिली तरच. म्हणजे तुमचं काम अशा एखाद्या अ‍ॅड-ऑनवर अवलंबून असेल तर आधी त्या अ‍ॅड-ऑनवाल्याला फोन करा, सॉफ्टवेअरवाल्याला नंतर.

ब्रिक्सकॅडची एक गोष्ट मला फार आवडली, ब्लॉकिफाय. क्लायंटकडून आलेल्या फाईलमध्ये चारशे बोल्ट सुट्या रेघांनी काढलेले असतात ना, ते ओळखून त्यांचे ब्लॉक (एकदा काढून परत परत वापरायचा आकार) बनवून देतं. असलं काम करत मी पूर्वी अख्खा शनिवार घालवलाय. शिवाय ते लिनक्सवर आणि मॅकवर पण चालतं. झेडडब्ल्यूकॅडचं कौतुक म्हणजे हलकं आहे, जुन्या मशीनवर पळतं. दोघांचं नाव मुळात झालं ते एकदा पैसे द्या आणि वापरत बसा ह्या लायसन्समुळे, आणि छोट्या ऑफिसला तोच मुद्दा सगळ्यात मोठा.

पण सगळं गोड नाही. एकदा यातल्याच एका सॉफ्टवेअरमध्ये, नाव घेत नाही कारण पुढच्या अपडेटला ते सुधारलं पण, स्क्रीनवर व्यवस्थित दिसणारा हॅच (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेघा) पीडीएफमध्ये गायब झाला आणि मी न बघता तो पीडीएफ पाठवून दिला, आणि पलीकडच्या माणसाने सेक्शन कुठला आणि बाहेरची बाजू कुठली ते उलटं वाचलं. सॉफ्टवेअरचा दोष अर्धा, न बघता पाठवणाऱ्याचा पाऊण. तेव्हापासून माझा नियम, ट्रायल घ्यायची तर डेमो फाईलवर नाही घ्यायची, तुमच्याकडची सगळ्यात घाणेरडी फाईल शोधायची, जिच्यात दहा एक्सरेफ (बाहेरून जोडलेली ड्रॉइंग) आहेत, फाँट मिसिंग आहेत, कुणीतरी बिल्डिंगचा प्लॅन साताऱ्याच्या कोऑर्डिनेटवर, म्हणजे शून्यापासून कुठच्या कुठे लांब, टाकून ठेवलाय, डायनॅमिक ब्लॉक आहेत, ती उघडायची, बदलायची, प्लॉट करायची, सेव्ह करायची आणि मग ऑटोकॅडवाल्या मित्राकडे पाठवून त्याला विचारायचं काय काय हललं. डायनॅमिक ब्लॉक वापरायला अडचण नसते, नवे बनवायची वेळ आली की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

आणि हो, मराठी मजकूर. जुन्या फाईलींमध्ये शिवाजी किंवा तसल्या फाँटमध्ये टाकलेलं मराठी असतं, तो फाँट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. २००७च्या फॉरमॅटपासून डीडब्ल्यूजी युनिकोड झाली, त्यामुळे आता मंगल वगैरे टाकून निभतं, तरी पण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आधी एक ओळ टाइप करून, "क्षेत्रफळ" आणि "प्रस्तावित" हे दोन शब्द टाकून पीडीएफ काढून बघाच. जोडाक्षरं तुटली तर तिथेच कळेल.

ड्राफ्टसाइटची वेगळी गोष्ट. ते अनेक वर्षं फुकट होतं आणि चांगलं होतं, लोकांनी त्याच्यावर ऑफिसं उभी केली, आणि २०१९ संपता संपता फुकटवाली आवृत्ती चालायचीच बंद झाली. ठरलेली तारीख, त्यानंतर उघडणार नाही. डीडब्ल्यूजी असल्यामुळे लोक दुसरीकडे गेले, फाईली वाचल्या. हे लक्षात ठेवा, खाली परत येतो ह्याच्यावर.

आता थ्रीडी. इथे मी लांबण लावणार आहे, सॉरी.

सॉलिडवर्क्स १९९५ला आलं, १९९७ला दासोने घेतलं. त्याच्या आधी प्रो-ई होतं, म्हणजे आताचं क्रिओ, १९८८च्या आसपास पॅरामेट्रिक मॉडेलिंग, म्हणजे माप बदललं की मॉडेल आपोआप बदलणं, खऱ्या अर्थाने त्यांनी आणलं, पण ते मोठ्या कंपन्यांचं खेळणं, मशीनच महाग लागायचं. सॉलिडवर्क्सने तेच काम विंडोजच्या साध्या पीसीवर आणलं आणि म्हणून आज रबाळे, तळोजा, वसई, जिथे जाल तिथे मशीन बनवणाऱ्यांकडे तेच दिसतं. फ्यूजन ३६० हे ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कचं, २०१३चं, आता नुसतं फ्यूजन म्हणतात. फ्रीकॅड २००२पासून चालू आहे, लोकांनी मिळून बनवलेलं, पूर्ण फुकट, आणि त्याचं १.० व्हर्जन यायला २०२४चा नोव्हेंबर उजाडला. बावीस वर्षं. आमच्याकडे मेट्रोला नावं ठेवतात.

एकच वस्तू तिन्हीत करून बघितली, दोन मिमी पत्र्याचा इलेक्ट्रिकल पॅनलचा बॉक्स, दरवाजा, बिजागरी, आत माउंटिंग प्लेट. शीट मेटलमध्ये मॉडेल तर कुणीही बनवतं, खरी परीक्षा पत्रा उलगडल्यावर साइज बरोबर येते का. आणि ती येते का हे सॉफ्टवेअर नाही ठरवत, के-फॅक्टर ठरवतो, म्हणजे वाकवताना पत्र्याचा न ताणला जाणारा थर जाडीत कुठे आहे त्याचा आकडा. हिशोब बघा, दोन मिमी पत्रा, आतली त्रिज्या दोन मिमी, ९० अंशाचा बेंड. के-फॅक्टर ०.४४ धरला तर बेंडमध्ये जाणारी लांबी साधारण ४.५२ मिमी, ०.३३ धरला तर ४.१८. एका बेंडला ०.३४चा फरक, चार बेंड असले की जवळजवळ १.४ मिमी, म्हणजे दरवाजा बसत नाही आणि सगळे एकमेकांना शिव्या देतात. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून जो आकडा भरलेला असतो तो तुमच्या बेंडिंगवाल्याच्या मशीनचा नसतो. त्याच्याकडून एक पट्टी वाकवून आणा, मोजा, आकडा काढा, मग कुठलंही सॉफ्टवेअर वापरा, बरोबर येईल.

हे मान्य करून बोलायचं तर सॉलिडवर्क्समध्ये शीट मेटल सगळ्यात सुखाचं आहे, कोपरे, रिलीफ, हेम, सगळं तयार, आणि राइट क्लिक करून उलगडलेल्या पत्र्याची डीएक्सएफ हातात. फ्यूजनमध्ये पण जमतं, थोडं कमी लाड आहेत पण जमतं. फ्रीकॅडमध्ये शीट मेटलचं अ‍ॅड-ऑन वेगळं टाकावं लागतं, आणि साध्या बॉक्सला ते व्यवस्थित उलगडतं, पण वाकडीतिकडी फ्लँज (दुमडलेली कड) आली की मी घाम पुसत होतो.

असेंब्लीमध्ये विचारसरणीच वेगळी. सॉलिडवर्क्समध्ये मेट लावायचे, हा फेस त्या फेसला, हे भोक त्या भोकाला, दोन-तीन मेट लावले की पार्ट बसतो. फ्यूजनमध्ये एक जॉइंट, आणि तो सांगतो की हे फिरणार की सरकणार. नवीन शिकणाऱ्याला फ्यूजनचं पटकन कळतं. पण पाचशे पार्टचा कन्व्हेयर असेल, स्टँडर्ड बेअरिंग, मोटर, चेन स्प्रॉकेट, रिव्हिजनवर रिव्हिजन, तर मी डोळे मिटून सॉलिडवर्क्सकडे जातो. मशीनमध्ये रॅम मात्र भरपूर घाला आणि विंडोजच लागेल, मॅकवाल्यांनी इथेच रस्ता बदलायचा.

फ्यूजनची बाजू कुठे भारी? सीएनसीचा प्रोग्रॅम आतच बनतो, व्हीएमसी (सीएनसी मिलिंग मशीन) ज्याची स्वतःची आहे त्याला डिझाइन आणि टूलपाथ (कटरचा मार्ग) एका जागी, डायमेन्शन बदललं की टूलपाथ परत काढायचा, झालं. एकट्या माणसाला, जो स्वतःच डिझाइनर, स्वतःच प्रोग्रॅमर आणि स्वतःच चहावाला, त्याला पैशाच्या मानाने फ्यूजन जास्त देतं असं माझं स्पष्ट मत. फाईली मात्र क्लाउडवर राहतात. ऑफलाइन दोन आठवडे चालतं, त्यामुळे नेट गेलं म्हणून लगेच हात बांधले जात नाहीत. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी अख्ख्या मुंबईची लाइट गेली होती आठवतंय? त्या दिवशी क्लाउडवाले आणि बिनक्लाउडवाले सगळे सारखेच गॅलरीत उभे होते.

फ्रीकॅडबद्दल लोक दोन टोकाचं बोलतात. जुनं दुखणं खरं होतं, तुम्ही आधीच्या स्केचमध्ये काही बदललं की आत फेसचे नंबर बदलायचे, सहा नंबरचा फेस नऊ नंबर व्हायचा, आणि तुमचा फिलेट (कडेची गोलाई) भलत्याच कडेला जाऊन बसायचा किंवा सगळं लालेलाल. १.०मध्ये ह्याच्यावर मोठं काम झालंय, पूर्ण गेलंय म्हणणार नाही पण आता रोज रडावं लागत नाही, आणि असेंब्ली पण आता आतच आहे. जिग, फिक्स्चर, ब्रॅकेट, थ्रीडी प्रिंटची कामं त्यावर आरामात होतात. जे होत नाही ते म्हणजे क्लायंटने पाठवलेली सॉलिडवर्क्सची असेंब्ली उघडणं. स्टेप फाईल (सगळ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये चालणारी) मागावी लागते, आणि स्टेपमध्ये नुसता घन येतो, तो कसा बनवला ते येत नाही, म्हणजे डोसा मिळतो, पीठ मिळत नाही. हे फक्त फ्रीकॅडचं नाही, कुठूनही कुठेही नेलं तरी हेच.

सॉलिड एज पण चांगलं आहे, खास करून दुसऱ्याकडून आलेला इतिहास नसलेला पार्ट ओढून-ताणून बदलायचा असेल तर त्याचं सिंक्रोनस प्रकरण कमाल आहे. पण इथे ते वापरणारी माणसं कमी भेटतात, उद्या मदतनीस ठेवायचा म्हटलं तर सॉलिडवर्क्स येणारी दहा पोरं मिळतील, सॉलिड एजची एक. हा पण निवडीचाच भाग आहे.

आता फुकटच्या आवृत्त्या, कारण भाच्याचं सगळं लक्ष तिथेच होतं. फ्यूजनचं पर्सनल लायसन्स फुकट आहे पण धंद्यासाठी नाही, वर्षाला हजार डॉलरच्या आतली कमाई आणि एका वेळी दहाच फाईली बदलता येतात. हे २०२०ला आवळलं, तेव्हा स्टेप एक्सपोर्ट पण काढणार होते, लोकांनी आरडाओरडा केला मग ठेवलं. ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, सॉलिडवर्क्स ज्याने सुरू केलं त्याच जॉन हर्शटिकने पुढे हे काढलं, २०१९ला क्रिओवाल्या पीटीसीने घेतलं, छान आहे, पण फुकटवाल्यात तुमचं डिझाइन जगाला उघडं. गिऱ्हाइकाचा माल असा उघड्यावर ठेवणार का? सॉलिडवर्क्सचं मेकर आणि सॉलिड एजचं कम्युनिटी, दोन्ही शिकायला उत्तम, पण त्यात बनवलेली फाईल धंद्याच्या लायसन्समध्ये उघडत नाही. म्हणजे शिकताना केलेली लायब्ररी नंतर कामाला येणार नाही. यातलं धंद्याला खऱ्या अर्थाने फुकट एकच, फ्रीकॅड, आणि टूडीत लिब्रेकॅड, पण लिब्रेकॅड डीडब्ल्यूजीत सेव्ह करत नाही, डीएक्सएफमध्ये करतं.

आणि क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी? आमच्या काळी सीडीवर सगळंच मिळायचं आणि आम्ही सगळे त्यावरच शिकलो, उगाच साळसूदपणा करत नाही. पण आता ही सॉफ्टवेअरं नेटवरून घरी कळवतात, ओळखीतल्या दोघांना नोटीस आली आणि जे लायसन्स वर्षाच्या सुरुवातीला सवलतीत मिळालं असतं त्याच्या जागी घाबरत घाबरत दुप्पट लायसन्सं घेऊन मिटवलं. धंदा करायचा तर त्या वाटेला जाऊ नका.

पैसे थांबले तर फाईलचं काय, ह्यावर माझा एक अनुभव. २००५ची २६ जुलै. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस. आमचा गाळा मिठीपासून लांब नाही, तळमजला, सीपीयू जमिनीवर. तिसऱ्या दिवशी शटर उघडलं तर दोन्ही मशीन चिखलात, बॅकअपच्या सीडी खालच्या खणात, म्हणजे त्याही चिखलात. दहा वर्षांचं काम गेलं असं धरूनच चाललो होतो. परत काय मिळालं माहितेय? जे जे मी बाहेर दिलं होतं तेवढं. कटिंगवाल्याकडे त्याच्या मशीनवर माझ्या डीएक्सएफ पडून होत्या, अगदी १९९८पासूनच्या. रिलीज १२च्या डीएक्सएफ, नुसत्या टेक्स्ट फाईली, त्या आज ह्या क्षणाला पण वर सांगितलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. तेव्हापासून प्रत्येक काम संपलं की मूळ फाईलीसोबत डीएक्सएफ, स्टेप आणि पीडीएफ काढून वेगळं ठेवतो. ड्राफ्टसाइटचं फुकट बंद झालं, ऑटोकॅडचं भाडं वाढलं, काहीही झालं तरी निदान एवढं आपलं असतं.

रिलीज १२च्या डीएक्सएफमध्ये एक लफडं आहे, तिच्यात युनिट लिहिलेलं नसतं. १२० मिमीचा ब्रॅकेट मी पाठवला, पलीकडे तो इंचात उघडला, आणि ऑपरेटरचा फोन, "साब, ये ब्रॅकेट है के गेट है?" १२० गुणिले २५.४ म्हणजे ३०४८ मिमी, बरोब्बर दहा फूट. शीटच अडीच मीटरची, म्हणून वाचलो. फाईलच्या नावातच एमएम लिहायची सवय लावून घ्या. आणि स्प्लाइन (मुक्त वळणाच्या रेघा) असतील तर आर्कमध्ये (वर्तुळाच्या तुकड्यांमध्ये) बदलून द्या, एकावर एक पडलेल्या रेघा ओव्हरकिल कमांडने काढा, नाहीतर लेझर तिथून दोनदा फिरतो आणि पैसे तुमचे.

बिल्डिंगवाल्यांबद्दल थोडक्यात, तो माझा प्रांत नाही. महापालिकेत प्लॅन टाकायचा तर ठरावीक गोष्ट ठरावीक लेअरवर असलेलं डीडब्ल्यूजी लागतं, ऑटोडीसीआर नावाचं सॉफ्टवेअर ते वाचून एफएसआय-मार्जिन तपासतं, त्यामुळे तिथे रेव्हिटमध्ये (बिल्डिंगच्या थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर) कितीही सुंदर मॉडेल केलं तरी शेवटी ऑटोकॅडच्या दारातूनच जावं लागतं. मोठ्या प्रोजेक्टला रेव्हिट मागतात, आर्चिकॅडवाले कमी पण निष्ठावान. इंटिरियरवाल्यांचं स्केचअपशिवाय पान हलत नाही, ते २००६ला गुगलने घेतलं आणि २०१२ला ट्रिंबलला विकलं, आता तेही भाड्यावर. क्लायंटला किचन दाखवायला ते बेस्ट, सुताराला कटिंग लिस्ट द्यायची तर नीट ग्रुप-कॉम्पोनंट करण्याची शिस्त लागते जी कुणी पाळत नाही. सीप्झमध्ये दागिन्यांच्या डिझाइनला जायचं असेल तर ऱ्हायनो शिका, दागिन्यांचं मॅट्रिक्सगोल्ड त्याच्यावरच बसतं, आणि ऱ्हायनो अजून कायमच्या लायसन्सवर मिळतं. बाकी काही बघूच नका.

तर भाचा. त्या रात्री शेवटी त्याच्याकडून गिऱ्हाइकांची नावं काढली. दोनच. एक वसईचा पॅनलवाला, त्याला पीडीएफ आणि कटिंगची डीएक्सएफ पुरते, त्याला कशात काढलं त्याचं काही पडलेलं नाही. दुसरा तळोज्याचा कन्व्हेयरवाला, त्याला मूळ सॉलिडवर्क्सची असेंब्लीच हवी, कारण त्याची माणसं पुढे त्यात बदल करतात. फक्त पॅनलवाला असता तर मी म्हटलं असतं फ्यूजन घे, नाहीतर हिंमत असेल तर फ्रीकॅड, आणि टूडीला ब्रिक्सकॅड नाहीतर झेडडब्ल्यूकॅड यातलं जे रिसेलर नीट फोन उचलेल ते. पण पैसे दुसऱ्याकडून जास्त येणार, म्हणजे सॉलिडवर्क्सचं एक सीट (एका माणसाचं लायसन्स) घ्यावंच लागणार, पर्याय नाही. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं पहिल्या वर्षी टूडीला वेगळं काही घेऊ नको, सॉलिडवर्क्सच्या ड्रॉइंगमधूनच डीडब्ल्यूजी काढ, जमतं.

काल त्याचा मेसेज, कन्व्हेयरवाला २०२१च्या व्हर्जनवर आहे. म्हटलं बघ, हेच. सॉलिडवर्क्समध्ये नव्या व्हर्जनची फाईल जुन्यात उघडत नाही, २०२४पासून मागच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करता येतं पण दोनच पायऱ्या मागे. रिसेलरला पैसे द्यायच्या आधी लिहून घे की लायसन्स नवीन असलं तरी २०२१चं इन्स्टॉलेशन देणार का, आणि दोन्ही एकाच मशीनवर टाक, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये, आणि चुकून त्याची फाईल नव्यात उघडून सेव्ह केलीस तर मला फोन करू नको.